दमलेल्या बायांचा फेर

आमच्या ब्रेझोवित्सा गावात लग्न असो, बाप्तिस्मा असो की ऑगस्टातली जत्रा, ढोलावर पहिली काठी पडली की लोक एकमेकांना विचारायचे, "दोन्का कुठाय?" दोन्का आल्याशिवाय होरो सुरू होत नसे. होरो म्हणजे हातात हात गुंफून धरलेला आमचा फेर. ज्याला चालता येतं त्याला तो येतो. पण फेराच्या पहिल्या टोकाला उभं राहून माणसांची लांबलचक साखळी चौकातून खेळवत न्यायची, हे कुणा सोम्यागोम्याचं काम नव्हे. दोन्का ते वीस-बावीस वर्षं करत होती. अंगानं भरलेली, उंचीनं बेताची. पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली असली तर नजरेतही भरणार नाही. फेरात शिरली की मात्र बाई हलकी होऊन जायची. अकॉर्डियन वाजवणारा आमचा पेन्यो म्हणायचा, "मी वाजवतो म्हणून ही नाचत नाही. ही नाचते म्हणून मला वाजवावं लागतं."

मी गावचं वाचनघर सांभाळते. वाचनघर म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत. नाटकं, गाणी, फेरांचे सराव, सगळं त्याच दालनात चालतं. शिवाय दोन्काचं आणि माझं कुंपण एक आहे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

दोन्काला मधुमेह चाळिशीतच लागला. तिच्या आईला तो होता आणि त्यापायी म्हातारीचे डोळे गेले होते. म्हणून दोन्कानं तो पहिल्यापासून मनावर घेतला. गोळ्या वेळच्या वेळी, पाव मोजका, आणि वाचनघरात घाम निथळेपर्यंत नाच. आमच्या डॉक्टर बोयानोव्हा तिला म्हणायच्या, "तुझं अर्धं औषध मी लिहून देते, अर्धं पेन्यो वाजवून देतो." बोटाला टोचून दोन्का साखर बघायची आणि यंत्रावर सहाचा आकडा आला की नवऱ्यासमोर नाचवायची. "बघ मिंचो, सहा! तुला शाळेत कधी सहा पडले होते?" आमच्या यंत्रावर सहा म्हणजे साखर ताब्यात, आणि शाळेत सहा म्हणजे अव्वल. मिंचोची गाडी तिनाच्या वर कधी गेली नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग साथ आली. त्या नोव्हेंबरात चर्चची घंटा इतक्यांदा वाजली की शेवटी पाद्रीबाबांनी ती वाजवायची थांबवली, लोकांना धडकी भरते म्हणून. दोन्काला शहरातल्या इस्पितळात नेलं, ऑक्सिजन लावला. फुप्फुसं वाचवायला स्टेरॉइड द्यावी लागली, त्यानं साखर आभाळाला भिडली, म्हणून पोटात इन्शुलिनच्या सुया सुरू झाल्या. आत कुणाला सोडत नव्हते. मिंचो रोज गाडी काढून जायचा आणि फाटकाबाहेर उभा राहून खिडक्यांकडे हात हलवायचा. बायकोची खिडकी कुठली हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो ओळीनं सगळ्या खिडक्यांना हात करायचा. नंतर तिथे दाखल असलेल्या एका बाईनं त्याला बाजारात ओळखलं. "तुम्हीच ना ते?" म्हणाली. "आम्हाला वाटायचं, प्रत्येकीला वाटायचं, की आपल्यासाठीच कुणीतरी आलंय."

नाताळच्या तोंडावर दोन्का घरी आली. मिंचोनं अंगणातला बर्फ झाडून गालिचा अंथरला होता. शेजारपाजाऱ्यांनी चीज भरून भाजलेल्या बानित्सा आणल्या, लोणची आणली, रकियाचे, घरच्या कडक दारूचे, दोन पेले झाले. वाचली बाई, संपलं एकदाचं, असं आम्ही सगळे म्हणालो.

संपलं नव्हतं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, तरी दोन्का न्हाणीघरातून आली की भिंतीला टेकून बसायची. उभी राहिली की छाती धडधडायची. शब्द हरवायचे. एकदा मिंचोला तिनं बकरीच्या नावानं हाक मारली. तो म्हणाला, "चालेल, बकरीवर तुझा जास्त जीव आहे." ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ज्या बाईला गावातल्या प्रत्येक घराचा पत्ता, कुणाचा मुलगा स्पेनमध्ये आणि कुणाची सून जर्मनीत, हे तोंडपाठ, तिला किटलीला किटली म्हणतात हे आठवेना.

त्यात नाकानं दगा दिला. वास गेला होता तो परत आला, पण वाकडा आला. कॉफी उकळली की तिला जळकं रबर उकळतंय असं वाटे. कांदा परतला की ती उठून अंगणात जाई. मांस, अंडी, सगळ्याला सडका दर्प. तोंडाला जुनी चव फक्त गोडाचीच लागायची. मिंचोच्या हातचा अलुबुखारचा मुरंबा म्हणजे आमच्या गल्लीचा अभिमान. ती पावावर मुरंबा लावून खायची, दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं, आणि साखर चढत होती.

"मुरंब्याच्या बरण्या मी तळघरात कुलपात टाकतो," मिंचो म्हणाला.

"टाक की. मग मला काय खाऊ घालणार आहेस? गवत?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"त्यांना माझं नाक बसव, मग ऐकते."

डॉक्टर बोयानोव्हांनी साखर बघून घरीही चालू ठेवलेलं इन्शुलिन वाढवलं आणि सांगितलं, "दोन्का, चालायला लाग. जेवणानंतर फेरी मार. पूर्वीसारखं अंग हलव, साखर उतरेल." आजवर हे खरंच होतं. दोन्काचा स्वतःचा अनुभवही तोच. म्हणून मार्च लागला तशी ती उठली. मनगटाला लाल-पांढरा धागा बांधला, वसंताच्या नावानं सगळे बांधतो तसा, आणि सरावाला आली. दालनात टाळ्या झाल्या. पेन्योनं तिचा आवडता भरधाव फेर सुरू केला. दोन्का पहिल्या टोकाला उभी राहिली, आणि खरं सांगते, आम्हाला वाटलं, आली आमची दोन्का परत. गाल लाल, डोळे चमकलेले. पूर्ण गाणं नाचली.

दुसऱ्या दिवशी तिला उशीवरून मान उचलता येईना. अंगातली वीजच कुणी काढून घेतल्यासारखी. उजेड सोसवेना, आवाज सोसवेना. तो आठवडा गेला, पुढचाही गेला, आणि नाचून उतरायची ती साखर उलट वर गेली. जरा बरं वाटल्यावर ती पुन्हा चालायला निघाली, विहिरीपर्यंत गेली, पुन्हा पडली. वसंतभर हेच.

गावाला तोंड असतंच. दुकानात कुणीतरी म्हणालं, "तिला आता खाटेची सवय लागली." कुणी म्हणालं, "माझा मेहुणाही साथीत पडला होता, तो तर लाकडं फोडतो." एक बाई तर दोन्काच्या तोंडावर बोलली, "जरा मनाचा हिय्या कर ग. मधुमेह असणाऱ्यानं आळस करून चालतं का?" दोन्का सामान उचलून निघाली. घरी येऊन मला म्हणाली, "स्टेफके, फेराच्या टोकाला दुसरी कुणी धर. माझी वाट बघू नका." मी म्हटलं, "तू बरी होईपर्यंत." ती म्हणाली, "तसं म्हणू नकोस. दर वेळी तसं म्हटलं की मी पुन्हा उठते आणि पुन्हा पडते."

त्यानंतर मे महिन्यातला तो दिवस. सकाळपासून तिला अन्नाचा वास नकोसा झाला होता. दोन घास दही खाल्लं, तेवढंच. पण इन्शुलिन मात्र नेहमीसारखं घेतलं, वाढवलेलंच. दुपारी हातपाय कापायला लागले, घाम फुटला, धडधड सुरू झाली. हे सगळं तिला आता रोजचंच झालं होतं. थकवा आला, पडून राहते, असं म्हणून ती आडवी झाली. मिंचोनं दार हलकेच लोटलं आणि बागेत गेला. "झोपू दे बिचारीला," एवढंच त्याच्या मनात.

तेवढ्यात गेना आजी आली. गेना आजी आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला राहते, ऐंशी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण जीभ सरळ. दह्याचं रिकामं मडकं परत करायला आली होती. हाक मारली, ओ आली नाही, तशी म्हातारी सरळ आत शिरली. दोन्काची उशी घामानं भिजलेली, डोळे अर्धे उघडे, आणि ती काहीतरी असंबद्ध पुटपुटत होती. आजीनं खिडकी उघडून कुंपणापलीकडे जी हाक मारली, ती ऐकून मी हातातलं भांडं टाकून धावले.

"दमलेली बाई गरम असते ग," आजी म्हणाली. "ही गार पडलीय. तिची ती सुई आण, रक्त बघायची."

मी तिच्या बोटाला टोचलं. आकडा दोनाच्या जरासा वर. साखर तळाला गेली होती. दोन्काला गिळता येत होतं, हे नशीब. तिला उठवून बसवली, टेकू दिला, आणि मी तिला मधाचं पाणी घोट घोट पाजलं. मिंचो चिखलाच्या बुटांनिशी आत आला, दारातच थिजला. हळूहळू दोन्काच्या डोळ्यांत माणूस परतलं. तिनं पहिल्यांदा गेना आजीकडे बघितलं आणि विचारलं, "मडकं धुऊन आणलंस का?"

"धुऊनच आणलंय, भवाने," आजी म्हणाली, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपायला लागली.

डॉक्टर बोयानोव्हा धापा टाकत आल्या तेव्हा दोन्का पाव आणि चीज खात बसली होती. डॉक्टरांनी पुन्हा साखर बघितली, नाडी बघितली, मग टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. 

"दोन्का, तुला खरं सांगते. मधुमेह मला पाठ आहे. हे दुसरं जे तुला चिकटलंय, ते मीही तुझ्याबरोबरच शिकतेय. मधुमेह म्हणतो चाल, आणि हे म्हणतं बस. मी फक्त पहिल्याचं ऐकत होते. तुला चालायला ढकललं, ते माझं चुकलं."

"म्हणजे मी आळशी नाही?" दोन्कानं विचारलं. हा प्रश्न तिनं इतक्या साध्या आवाजात विचारला की मिंचो उठून खिडकीपाशी गेला.

"आळशी? तुझ्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही. हट्टानंच पडतेस तू."

त्या दिवशी टेबलावर बरंच काही ठरलं. इन्शुलिन कमी केलं. कापरं भरलं, घाम आला, काहीही झालं तरी आधी बोटाला टोचायचं, मग ठरवायचं की हे साखरेचं की थकव्याचं. अंदाजानं झोपायचं नाही. वास सोसत नसेल तर अन्न गार खायचं, गार अन्नाला वास कमी. आणि हालचाल करायची, पण दमायच्या आधी थांबायचं.

"दमायच्या आधी कसं कळणार दमणार आहे ते?" दोन्का म्हणाली. "मला तर दमल्यावरच कळतं."

"ते तुलाच शोधावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "मला येत नाही ते."

मिंचोनं स्वयंपाकाचा ताबा घेतला. आयुष्यात मुरंब्यापलीकडे काही न केलेला माणूस. काकडी-दह्याचं गार तारातोर, रात्री शिजवून सकाळी थंड केलेल्या घेवड्याची कोशिंबीर, खारं चीज, टोमॅटो. पहिल्या तारातोरात त्यानं इतका लसूण घातला की मला कुंपणापलीकडून शिंका आल्या. दोन्कानं चमचा तोंडात घातला, थांबली, म्हणाली, "वाईट आहे." मग म्हणाली, "पण लसणासारखं वाईट आहे. रबरासारखं नाही." मिंचोनं ते कौतुक म्हणून घेतलं आणि गल्लीभर सांगितलं.

आणि गेना आजी रोज दुपारी यायला लागली. त्या दिवसापासून दोन्का जणू तिच्या मालकीची झाली होती. जेवण झालं की म्हातारी म्हणायची, "चल, उठ. माझ्याबरोबर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या पायानं." आजीच्या पायानं म्हणजे मुंगीच्या पायानं. दोन्काला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

एके दुपारी मी तिकडे गेले होते. आजीनं दोन्काचा हात धरला होता आणि चालता चालता ती गुणगुणत होती. मग गुणगुणण्याचं गाणं झालं.

"ऊन उतरलं टेकडीवरून,
विळा ठेव ग, सये, बांधावरी..."

आणि तिथे ती थांबली. गाणं बंद, पायही बंद. दोन्का वाट बघत उभी.

"पुढे?" दोन्का म्हणाली.

"पुढचं तू गायचंस. मी आता श्वास घेतेय."

"मला कुठं येतंय?"

"मग शीक! अर्ध्या बाया गायच्या, अर्ध्या गप्प राहायच्या. मग त्या गप्प व्हायच्या आणि या गायच्या. आमच्या वेळी अकॉर्डियन होतं का? कापणीवरून यायचो, दिवसभर वाकून वाकून कंबर मोडलेली. तुमच्यासारखं घोड्यागत कोण नाचणार? दमलेल्या बायांचा फेर होता तो. दोन पावलं पुढं, एक मागं, आणि उभं राहायचं. उभं राहणं हासुद्धा फेरच."

दोन्का तशीच उभी राहिली. हे जुने गाण्याचे फेर आम्हाला नावानं ठाऊक होते. म्हाताऱ्यांचे, रटाळ, तरुण पोरं पळून जातात असे. कार्यक्रमात आम्ही ते कधी घेतलेच नव्हते. दोन्का म्हणाली, "आजी, पुन्हा म्हण." आजीनं पुन्हा म्हटलं. दोन्कानं उत्तराची ओळ धरली, आवाज चिरका, दम पुरेना.

"विळा ठेवला, पाय थकले,
थकल्या पायी घर दूर ग..."

मग ती थांबली आणि आजी गायली. थांबायची वेळ गाण्यातच ठरलेली होती. कधी बसायचं हे दोन्काला ठरवावं लागलं नाही. एक कडवं झालं, दोघी खुर्चीवर टेकल्या. संध्याकाळी साखर बघितली तर बऱ्याच दिवसांनी उतरलेली. आणि महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी ती उठली. नुसती उठली, चहा केला, अंगणात आली आणि मला म्हणाली, "स्टेफके, मी उठलेय." एवढ्याशा वाक्यासाठी मी तिला मिठी मारली.

असं नव्हे की तिथून सगळं सुरळीत झालं. कधी एका कडव्यानंही ती पडायची. कधी दोन चांगले आठवडे जायचे आणि मग विनाकारण वाईट. पण आता ती उठायच्या आधी स्वतःला विचारायची, आणि उत्तर 'नाही' आलं तर बसून फक्त हातांनी ताल धरायची. जून सरता सरता ती म्हणाली, "वाचनघर गुरुवारी दुपारी रिकामं असतं ना? खुर्च्या मांड गोल. ज्याला अजून बरं वाटत नाही त्यानं यावं म्हणून सांग."

मी म्हटलं, "कोण येणार? सगळे बरे झालेत."

"बघ तरी."

पहिल्या गुरुवारी सात जण आले. शाळेतल्या भूगोलाच्या बाई, ज्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं की त्या ठणठणीत आहेत. ज्या मेहुण्याच्या लाकडं फोडण्याचं कौतुक झालं होतं, तो मेहुणा स्वतः. त्यानं दारातच सांगितलं, "लाकडं बायको फोडते. मी नुसता कुऱ्हाड घेऊन फोटो काढला." आणि शेवटी पेन्यो, अकॉर्डियन पाठीला लावून, गाल फुगवून.

"ऐकलं की इथे वाद्याशिवाय फेर होतो," तो म्हणाला. "म्हणजे मी मेलो असं धरून चाललात का?"

"बस, पेन्यो," दोन्का म्हणाली.

"मी बसायला नाही आलो, वाजवायला आलोय."

"गेल्या वर्षापासून तू बरीचशी गाणी अर्ध्यात सोडतोस. लोकांना वाटतं, रकियासाठी सोडतोस. मला वाटतं, हात भरून येतात म्हणून सोडतोस. बस."

पेन्यो उभाच राहिला. मग त्यानं अकॉर्डियन खाली ठेवलं, फार हळू ठेवलं, आणि खुर्चीत बसला. "घरी कुणाला सांगू नका," म्हणाला. सगळे हसले, मग कुणीच हसेना, आणि गेना आजीनं गाणं सुरू केलं.

त्या दालनात मी आयुष्यभर फेर पाहिलेत. असा पाहिला नव्हता. अर्धे गात, अर्धे श्वास घेत. कुणी उभं, कुणी बसलेलं, पण हात सुटलेले नाहीत. दोन्का पहिल्या टोकाला होती, खुर्चीवर. शेजारच्या छोट्या टेबलावर तिचं साखरेचं यंत्र आणि फळाच्या रसाची बाटली, सगळ्यांना दिसेल अशी. मेहुण्यालाही मधुमेह निघाला, साथीनंतरचा. त्यानं ते बायकोपासूनही लपवलं होतं. दोन्कानं त्याला सगळ्यांदेखत बोटाला कसं टोचायचं ते दाखवलं. "कडेला टोच रे, मध्ये नको, मध्ये दुखतं. तू माणूस आहेस का शिवणयंत्र?"

जुलैत एकदा तिनं स्वतःचा घात करून घेतला. भाचीचं लग्न होतं. अंग चांगलं वाटत होतं, ढोल वाजला, आणि ती उठून भरधाव फेरात शिरली. मिंचोनं ओरडून थांबवलं, तिनं ऐकलं नाही. पुढचे दोन आठवडे पडदे ओढून खाटेवर. मिंचो इतका चिडलेला मी कधी पाहिला नाही.

"तुला काय वाटतं, मी फाटकाबाहेर उभा राहून हात का हलवत होतो? तू चौकात नाचावीस म्हणून? तू टेबलाच्या त्या बाजूला बसून माझ्या जेवणाला नावं ठेवावीस म्हणून!"

दोन्का उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मीठ जास्त असतं."

"हं," मिंचो म्हणाला. "असंच."

ऑगस्टाच्या जत्रेत, ढोल सुरू व्हायच्या आधी, पाद्रीबाबांचा आशीर्वाद झाल्यावर, आम्ही चौकात खुर्च्या मांडल्या. तरुण पोरं खिदळली. "आजीबाईंची शाळा भरली," कुणीतरी म्हणालं. गेना आजीनं त्याच्याकडे एक नजर टाकली आणि गायला लागली. तिच्या आवाजात आता फारसं काही उरलं नव्हतं, पण चौक गप्प झाला. दोन्काच्या बाजूनं उत्तर गेलं. पुन्हा आजीची बाजू. तिसऱ्या कडव्याला बाकावर बसलेले दोन म्हातारे उठले आणि फेराच्या शेपटीला लागले. मग इतर लागले. शहरातून आलेले नातलग, कडेवर मूल घेतलेल्या बाया. मघा खिदळणारा पोरगाही आला, आणि त्याला ते थांबणं काही केल्या जमेना. दर वेळी सगळे थांबले की हा एक पाऊल पुढे.

मग पेन्योच्या पुतण्यानं अकॉर्डियन घेतलं, भरधाव फेर सुरू झाला आणि दुसरी मुलगी टोकाला उभी राहिली. चांगली नाचते ती. दोन्का खुर्चीवर बसून बघत होती. मी तिच्याजवळ गेले. तिचे पाय बुटांत हलत होते.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "पण भूकही लागलीय. दोन्ही एकदम."

तिला वास धड येत नाही अजून, पण बरेचसे पदार्थ सोसतात. इन्शुलिनचा डोस बराच कमी झालाय. डॉक्टर म्हणतात पूर्ण सुटेल की नाही सांगता येत नाही, आणि दोन्काही विचारत नाही. पोस्टात ती अर्धा दिवस बसते. नावं आठवली नाहीत तर सरळ म्हणते, "तुमचं नाव माझ्या तोंडाशी आहे, तुम्हीच बाहेर काढा." गुरुवारी दालनात खुर्च्या कमी पडायला लागल्या म्हणून पाद्रीबाबांनी चर्चचे बाक पाठवले. डॉक्टर बोयानोव्हा महिन्यातून एकदा येतात. पहिल्यांदा बघायला आल्या होत्या, आता गाणाऱ्यांत बसतात, बेसूर गातात.

परवा पलीकडच्या गावातून फोन आला. रालित्सा नावाची तरुण शिक्षिका, लहानपणापासून इन्शुलिनवर, तीन महिन्यांपूर्वी कुठल्याशा तापानं लोळवली ती अजून उठलेली नाही. तिची आई फोनवर रडत होती. "तिला तुमच्या फेरात आणू का?" दोन्का म्हणाली, "आणू नका. मी येते."

मिंचोनं गाडी काढली, मीही गेले. खोलीत पडदे ओढलेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आईनं लगबगीनं तिला उठवायला हात घातला, "बघ, दोन्काबाई आल्यात, ऊठ, जरा नाचून दाखवतील..."

"असू द्या, असू द्या," दोन्का म्हणाली. खुर्ची खाटेजवळ ओढून ती बसली, स्वतःचा श्वास खाली बसू दिला. मग विचारलं, "साखर कधी बघितलीस?"

"सकाळी," मुलगी भिंतीकडेच बघत म्हणाली.

"आता बघू या. मग पुढचं."

आकडा ठीक होता. दोन्कानं तो तिला दाखवला आणि यंत्र खाली ठेवलं.

"लोक म्हणत असतील, ऊठ, हिय्या कर."

मुलीनं पहिल्यांदा मान वळवली. "तुम्हालाही म्हणायचे?"

"तोंडावर. तू आज उठायचं नाहीस. उद्याही नाही, वाटलं नाही तर. आज फक्त हात दे."

मुलीनं पांघरुणाबाहेर एक हात काढला. दोन्कानं तो हातात धरला, फेरात धरतात तसा, बोटांत बोटं गुंफून, आणि अगदी हळू आवाजात पहिली ओळ म्हटली. मग ती थांबली आणि वाट बघत बसली.  बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, "मला पुढचं येत नाही."

"माहीत आहे," दोन्का म्हणाली. "घाई नाही."